पाय माझा मुरगळला होता

सात वर्षं मी हे सांगायचं टाळत आलो. टाळणं जड गेलं नाही, कारण कुणी विचारतच नव्हतं. आपल्या मंडळाच्या दिवाळी अंकात पोलंडवरचा माझा लेख छापून आला, तुमच्यापैकी कित्येकांनी तो वाचला, काहींनी तो माझ्या तोंडून ऐकला आणि टाळ्याही वाजवल्या. लेखाचं नाव होतं ‘क्राकुवमध्ये एकटा’. यंदाच्या अंकासाठी फोन आला, "काका, तसंच काहीतरी खुसखुशीत द्या ना." मी हो म्हटलं आणि फोन ठेवला. त्या दिवशी सकाळीच आमच्याकडे एसी बंद करून खिडकी उघडली होती.

दुबईत राहणाऱ्याला खिडकी उघडण्याचा पहिला दिवस म्हणजे काय ते सांगायला नको. पाच महिने काचेआड बसलेल्या माणसाला एकदम बाहेरचे आवाज ऐकू येतात. खालच्या मजल्यावरची फोडणी, कुणाच्या तरी बाळाचं रडणं, पार्किंगमध्ये मागे येणाऱ्या गाडीची पिपाणी. आमच्या डिस्कव्हरी गार्डन्स वसाहतीच्या इमारतींमधल्या पायवाटांवर माणसं उगवतात. सगळे चालायला निघालेले असतात. पोटं सुटलेले इंजिनिअर, स्ट्रोलर ढकलणाऱ्या आया, आमच्यासारखे मुलाच्या व्हिसावर राहिलेले म्हातारे. हा इथला चालण्याचा मोसम. आणि हा मोसम आला की माझ्या मनात दगडी रस्त्याचं एक शहर उभं राहतं, ज्यात मी जेमतेम वीस मिनिटं चाललो आहे.

वीस मिनिटं. लेखात ते आठ तास होते.

निखिल, आमचा मुलगा, तेव्हा कंपनीच्या क्राकुवच्या ऑफिसात वर्षभरासाठी होता. आम्ही दुबईतच, अल कुसैसला राहत होतो, मी निवृत्तीच्या उंबरठ्यावर. तीस वर्षं बांधकाम कंपनीत प्लॅनिंग केलं. कुठलं काम कधी सुरू होणार, कधी संपणार, त्याचे आडवे पट्टे कागदावर आखायचे, हा माझा धंदा. मुलाकडे चार दिवस जायचं ठरल्यावर मी जुन्या शहराची एका दिवसाची पायी फेरी आखली. चौदा ठिकाणं, प्रत्येकापुढे वेळ. नऊ दहाला मुख्य चौक. नऊ पस्तीसला कापडबाजाराची कमान. बरोबर दहाला चर्चच्या मनोऱ्याखाली, कारण दर तासाला तिथून तुतारी वाजते. साडेतीनला परत. तक्ता प्लॅस्टिकच्या पाकिटात घातला होता, पाऊस आला तर भिजायला नको.

आणि सराव केला. तीन महिने रोज सकाळी, दुकानं उघडण्याआधी, मॉलमध्ये चार फेऱ्या. तिथे आमच्यासारखे बरेच जण असतात. गुळगुळीत फरशी, चोवीस अंशांची हवा, मध्येच कारंजं. त्यासाठी बूटही घेतले. नंदाने, माझ्या बायकोने, खोक्यावरची किंमत वाचली.

"तीनशे दिरहम? अहो, सहा हजार रुपये! पायात घालायचे की देव्हाऱ्यात ठेवायचे?"

"तू पण चल मॉलमध्ये. सवय होईल."

"फरशीवर चालायची कसली सवय करायची?" ती म्हणाली. "मी भाजीला जाते तेवढं पुरे."

ती देवरुखकडची. तिच्या घरापासून शाळेपर्यंत पाखाडी होती, जांभ्या दगडाची, डोंगर उतरत जाणारी, एक दगड वर तर एक खाली, शेवाळलेली. दहा वर्षं ती त्या पाखाडीवरून अनवाणी गेली आली. हे मला माहीत होतं. पण तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

क्राकुवचे जुने रस्ते पाखाडीसारखेच आहेत. मुठीएवढे दगड बसवलेले, शेकडो वर्षांच्या पायांनी आणि चाकांनी गोल झालेले, रात्रीच्या दवाने ओले. शुक्रवार होता, निखिल ऑफिसला गेलेला. आम्ही दोघं निघालो. मी पुढे, हातात तक्ता. पहिल्या चौकाच्या कोपऱ्यावर मी घड्याळात पाहिलं, समाधानाने मान हलवली आणि पुढचं पाऊल दोन दगडांच्या मधल्या खाचेत टाकलं. आवाज मलाच ऐकू आला.

नंदाने मला खांद्याचा आधार देऊन परत आणलं. तीन मजले, लिफ्ट नाही. बर्फ टॉवेलात गुंडाळून बांधला, चहा केला, पाय उशीवर ठेवला. मग खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली ऊन पडलं होतं. त्या देशातलं ऑक्टोबरचं ऊन मधासारखं असतं, त्याला वजन नसतं. आपल्या उन्हासारखं ते डोक्यावर बसत नाही.

"तू जा," मी म्हणालो.

"जाऊ?"

"जा ना. माझ्यामुळे तू कशाला अडकतेस?"

चाळीस वर्षांच्या संसारात या वाक्याचा अर्थ दोघांनाही माहीत असतो. त्याचं उत्तर असतं, "छे, तुम्हाला एकटं टाकून?" तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बरं, येते मग." ओट्यावरचं केळं पर्समध्ये टाकलं, शाल घेतली आणि गेली. फोन चार्जरलाच राहिला. तक्ताही टेबलावर राहिला. जिन्यावरून उतरणारी तिची पावलं मी तिन्ही मजले ऐकली. ती पावलं सावकाश नव्हती.

तो दिवस मी खिडकीजवळच्या खुर्चीत काढला. वारा तिकडचा असला की तुतारी ऐकू यायची. दहाची, अकराची, बाराची. सूर चढत जातो आणि मध्येच तुटतो. तसा तोडायचीच तिथली रीत आहे, त्यामागे शत्रूचा बाण लागून तुतारीवाला मध्येच कोसळल्याची जुनी दंतकथा आहे, ती मी पाठ करून आलो होतो. सांगायला समोर कुणी नव्हतं. मी तक्ता घेऊन बसलो आणि दर वेळेला आता ती कुठे असेल ते बोटाने शोधत राहिलो. ती त्यातल्या कुठल्याच रकान्यात नव्हती, हे मला संध्याकाळी कळलं.

सहा वाजता ती आली. गाल लाल, केस विस्कटलेले, शालीला कसलीशी पिवळी पानं चिकटलेली. इतकी तरुण ती मला कित्येक वर्षांत दिसली नव्हती.

"वेळ बघितलीस? साडेतीनला परत यायचं होतं."

"अहो, मी हरवलेच!" ती म्हणाली. पण ‘बक्षीस मिळालं’ म्हणावं तसं म्हणाली. शालीच्या घडीतून तिने चार-पाच गोल तपकिरी बिया माझ्या मांडीवर ओतल्या. झाडावरून पडलेल्या, चेस्टनटच्या. "बघा किती तुळतुळीत. जुन्या शिसवी पाटासारख्या. तुमच्यासाठी वेचल्या."

"खायच्या नसतात त्या," मी म्हणालो.

हेवा म्हणजे काय, ते मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा कळलं असं म्हणणार नाही. ऑफिसात प्रमोशन दुसऱ्याला गेलं, शेजाऱ्याने मोठी गाडी घेतली, तेव्हाही तो झालाच होता. पण तो परक्यांचा हेवा होता, त्याला दार लावून घेता येतं. हा माझ्या घरात, माझ्या पायाला तेल चोळत बसला होता आणि बोलत होता.

मी विचारत गेलो, ती सांगत गेली. तिला वाटलं मला रस आहे. रस होताच.

चौकात ती पोचली तेव्हा तुतारी वाजत होती. सगळ्यांनी माना वर केल्या म्हणून तिनेही केली. सूर तुटला. "दम लागला असेल बिचाऱ्याला. केवढे जिने चढून गेला असेल!" मग मनोऱ्याच्या लहानशा खिडकीतून एक हात बाहेर आला आणि हलला. खाली माणसं खूप होती. पण ती म्हणाली, "मला केला हो त्याने हात. मी पण केला." साडीतली बाई त्या चौकात ती एकटीच असणार. केला असेल तिलाच.

भूक लागली तेव्हा कामगारांच्या एका खानावळीत गेली. भाषा नाही, पाटी वाचता येत नाही. शेजारच्या ताटातल्या उकडीच्या करंज्यांकडे बोट दाखवलं. मग आत मांस आहे की काय या शंकेने काउंटरवरच्या बाईसमोर दोन्ही कोपर पंखांसारखे हलवून कोंबडी करून दाखवली आणि ‘नको नको’ म्हणून हात हलवले. अख्खी रांग हसली. बाईने तिला बटाटा आणि ताज्या चीजच्या करंज्या दिल्या, वर परतलेला कांदा. "मीठ जरा कमी होतं. पण पारी इतकी पातळ की मला लाज वाटली माझ्या मोदकांची."

जुन्या शहराभोवती झाडांचा एक पट्टा आहे, पूर्वी तिथे तट होता. हे मला माहीत होतं. तिला ते माहीत नव्हतं, तिला तिथे एक म्हातारी भेटली. बाकावर बसून चाकूने सफरचंद सोलत होती. तिने अर्धं नंदाला दिलं, नंदाने अर्धं केळं तिला दिलं. दोघी तासभर बोलल्या. ती तिच्या भाषेत, ही मराठीत.

"काय बोलत होती?"

"मला काय कळणार? सुनेबद्दल असावं."

परतीच्या विमानातही ती सांगत होती. आणि दुबईत पोचल्यावर, ती भाजी निवडत असताना, मी वहीत एकेक गोष्ट टिपून ठेवत होतो. का ठेवतो आहे, हे मी स्वतःला विचारलं नाही. माझं म्हणाल तर, रविवारी निखिलने टॅक्सीने चौकाच्या कडेपर्यंत नेलं होतं. पाऊस लागला. दहा मिनिटं छत्रीखाली एका पायावर उभा राहिलो आणि परत आलो. तुतारी त्या दहा मिनिटांत नव्हती.

मग अंकासाठी लेख मागितला गेला. मंडळात ‘लिहिणारे’ म्हणून माझं नाव होतं, ते मला आवडायचं. सुरुवातीला मी प्रामाणिकपणे ‘आम्ही’ असं लिहून पाहिलं. जमेना. त्या दिवसाचं सगळं सौंदर्य एकटेपणात होतं. दोघं असते तर म्हातारीने सफरचंद दिलं नसतं, रांग हसली नसती. तिचं म्हणून लिहावं, तर मी कुठे? खुर्चीत, पाय उशीवर. असा लेख कोण वाचणार? मग मी ‘मी’ लिहिलं. पहिल्या परिच्छेदात, बायको कुठे आहे हे वाचकाला कळावं म्हणून, एक ओळ टाकली: ‘सौ.चा पाय ऐन वेळी मुरगळल्याने मी एकटाच निघालो.’

आठ शब्दांची ओळ. एवढ्यात मी तिच्याकडून पाय घेतले आणि माझा घोटा तिला दिला.

दिवाळीच्या कार्यक्रमात, एका शाळेच्या हॉलमध्ये, मला तो वाचायला सांगितला. ती दुसऱ्या रांगेत होती. घरी अंक आला होता, पण तिने तो वाचला होता की नाही मला माहीत नव्हतं, आणि विचारायची हिंमत नव्हती. मी वाचत गेलो. "दम लागला असेल बिचाऱ्याला," या वाक्याला सर्वांत मोठा हशा आला. मी वर पाहिलं. तीही हसत होती. इतरांपेक्षा किंचित उशिरा.

चहाच्या वेळी एक बाई तिला म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही इतक्या लांब जाऊन घरीच बसलात? कसं वाटलं असेल!"

मी वड्याची डिश हातात धरून उभा होतो. नंदाने माझ्याकडे पाहिलं. खरं बोलायला तिला एक वाक्य पुरलं असतं.

"काय करणार हो," ती म्हणाली. "पाय मुरगळला ना माझा."

घरी जाताना सिग्नलला गाडी थांबली. लाल दिवा बराच वेळ होता. ती समोर बघत म्हणाली, "छान लिहिलंत. कोंबडीचं मात्र तुमच्या तोंडी शोभलं नाही. तुम्ही मेलात तरी कोंबडी करणार नाही." मी हसलो. ती म्हणाली, "आणि आधी सांगायचंत तरी. हॉलमध्ये जरा लंगडले असते." यावरही मी हसलो. तिच्या आवाजात टोमणा होता का दुःख, की तिने मला माफ करून टाकलं होतं, हे विचारायची तीच वेळ होती. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात दिवा हिरवा झाला आणि मागच्याने हॉर्न दिला. आम्ही पुढे गेलो. त्यानंतर क्राकुवचं नाव तिने काढलं नाही. कुणी घरी येऊन लेखाची आठवण काढली की ती आत चहा टाकायला जायची.

तीन वर्षांपूर्वी तिचं विसरणं सुरू झालं. आधी आमटीत मीठ दोनदा, मग शेजारणीचं नाव, मग आपण अल कुसैस सोडून मुलाकडे आलो आहोत हेच. डॉक्टर म्हणाले, जुनं बोलत राहा, वाचून दाखवत राहा. आमची सून मानसी गुणी आहे. लग्न होऊन ती आली ती त्या अंकानंतर, तिला काय माहीत. कपाटातून तो अंक तिला मिळाला आणि ती रोज संध्याकाळी सासूला तो लेख वाचून दाखवू लागली. नंदाला तो फार आवडतो. कोंबडीपाशी ती टाळ्या वाजवते.

"किती मजा केलीत हो तुम्ही," परवा नंदा मला म्हणाली. "मला का नाही नेलंत?"

आमची पाच वर्षांची नात ईरा जमिनीवर चित्र रंगवत होती. मान वर न करता म्हणाली, "आजी, यू हर्ट युअर लेग. आजोबा वेंट अलोन."

"हो का?" नंदा म्हणाली आणि आपल्या घोट्याकडे बघू लागली. मग हळूच वाकून तिने तो दाबून पाहिला.

तिच्या डोळ्यांत मी जे पाहिलं, ते मला ओळखीचं होतं. तो हेवा होता. खिडकीजवळच्या खुर्चीत बसून मी जो केला, तोच. आठ तासांच्या त्या सोनेरी दिवसाकडे ती खुर्चीतून बघत होती आणि तो दिवस तिचाच होता. आणि सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणीही माझ्या मनात तिच्याबद्दल हेवाच आला. ती विसरू शकते. मला एकही दगड विसरता येत नाही, आणि मी तर त्यावर चाललोही नाही.

निखिल त्याच वेळी ऑफिसातून आला होता. दारात बॅग घेऊन उभा राहून त्याने ऐकलं होतं. मराठी अंक तो कधी वाचत नाही. खाली पार्किंगमध्ये मला गाठून म्हणाला, "बाबा, पाय तर तुमचा मुरगळला होता ना? मीच तुम्हाला टॅक्सीत बसवलं होतं."

"हो."

"मग हे काय आहे?"

मी सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. तो बराच वेळ किल्ल्यांशी खेळत राहिला.

"जाऊ द्या बाबा. खलास. आता तिला सांगून काय होणार? उगाच गोंधळेल."

"पण तिचं आहे ते."

"काय?"

"तो दिवस."

माझा मुलगा मला चांगला माणूस समजत असे. अजूनही समजत असावा, फक्त आता जरा विचार करून.

गेल्या आठवड्यात, हवा निवल्यावर, मी नंदाला घेऊन खाली चालायला गेलो. तिचा हात माझ्या हातात. इमारतींमधल्या पायवाटेवर विटांसारख्या फरश्या आहेत, त्यांतल्या काही झाडांच्या मुळांनी वर उचलल्या आहेत. मी अडखळलो. ती नाही. तिला आज काय वार आहे ते सांगता येत नाही, पण तिचा पाय उंचसखल ओळखतो, न बघता जागा निवडतो. शाळेतल्या मुलीसारखी ती त्या उचललेल्या फरश्यांवरून गेली. असंच गेली असेल, मला वाटलं. असंच, तिथेही.

"तिथले रस्ते कसे होते हो?" तिने विचारलं.

"तू सांग."

"मी कुठे गेले होते?"

मी थांबलो. खिशात ती चेस्टनटची बी होती, एकच उरलेली, आता सुरकुतलेली आणि निस्तेज. ती तिच्या तळहातावर ठेवली. तिने ती फिरवून बघितली, वास घेतला आणि परत दिली. "खायची नसेल ही," ती म्हणाली.

मी वाक्य तयार केलं होतं. सात वर्षं तयार करत होतो. माझ्या सवयीने त्याचेही पट्टे आखले होते, आधी काय, नंतर काय. पहिला भाग मी म्हटला.

"नंदा, ऐक. पाय तुझा मुरगळला नव्हता. पाय माझा मुरगळला होता."

तिच्या चेहऱ्यावर एकदम काळजी आली. "कुठे? कधी? आणि चालत काय राहिलात मग?" तिने माझा दंड धरून मला जवळच्या बाकावर बसवलं. स्वतः खाली वाकली, जमलं नाही, तशी शेजारी बसून माझा पाय ओढून मांडीवर घेतला आणि बूट काढला. तिची बोटं घोट्यावरून फिरू लागली, बरोबर त्याच जागी. "हलवू नका. सुजलाय बघा किती." सूज अर्थातच नव्हती. समोरून एक ओळखीचे गृहस्थ फेरी मारत आले, आम्हाला तसं पाहून हसले आणि हात हलवून पुढे गेले. नंदाने मान वर केली आणि उत्साहाने त्यांना हात केला, अगदी खांद्यापासून, जसा उंचावरच्या कुणाला करतात तसा.

"चला घरी," ती म्हणाली. "तेल गरम करून लावते. आणि उद्या कुठे जायचं नाही. मीही जाणार नाही तुम्हाला टाकून."

पुढचं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं. तिला ते कळलं नसतं, हे निमित्त मी सांगणार नाही. सिग्नलला कळलं असतं, तेव्हाही मी बोललो नव्हतो. म्हणून ते इथे लिहितो, जिथे खोटं लिहिलं होतं तिथेच.

नंदा, मनोऱ्यावरच्या माणसाने हात केला तो तुला. सफरचंद तुला मिळालं, हसू तुझं होतं, आणि मी वरच्या खुर्चीत बसून ते सगळं तुझ्याकडून घ्यायची वाट बघत होतो. मला माफ—